घाटातील पहिली चाचणी

पोलादपुरातील एका मेस्त्रींनी माझ्या जुन्या मोटारीचा गियरबॉक्स उघडला, तेव्हा प्रत्येक दातेरी चाक रॉकेलने धुऊन, काढल्या क्रमाने स्वच्छ पंच्यावर मांडले. पूजेची उपकरणीही मी इतक्या निगुतीने मांडत नसेन. जोडलेल्या गियरबॉक्सच्या पहिल्या चाचणीला मात्र ते मालकाला कधीच गाडीत घेत नसत. "मालक बडबडतात, गुरुजी. गाडी काय बोलते ते ऐकू देत नाय."

म्हणून त्या सकाळी त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी शेजारचे दार उघडले, तेव्हा मी चकित झालो. घाट चढताना त्यांनी तिसरा गियर टाकला आणि समोरच पाहत विचारले, "तुमचा कान मंत्रांवर तयार झालेला. तिसरा रडतोय काय?"

बारीक, रडवा सूर मला स्पष्ट ऐकू येत होता. "आपल्याला ऐकू येत नाही?"

"बोलनं कळतं. बारीक आवाज गेला, वरीस झालं. कोनाला सांगू नका, गिऱ्हाईक तुटंल."

नाही म्हणालो असतो, तर ते सुखावले असते. परंतु मी म्हणालो, "रडतोय." त्यांनी गाडी वळवली आणि दुपारी सारा गियरबॉक्स पुन्हा उघडला.

आता माझी मोटार निर्दोष चालते. तरीही प्रत्येक नव्या चाचणीला ते मला बोलावतात, आणि घरी वाट पाहणारे कोणी नसल्याने मीही जातो. गाडीचा मालक प्रश्नार्थक पाहू लागला, की ते गंभीरपणे सांगतात, "गुरुजींना जरा घाटाची हवा खायची हाय."