कवडू आणि चालता झाडू

सिंदी रेल्वे या गावात कवडूकडे दुरुस्तीला काहीही यायचे. फवारणीचे पंप, रेडिओ, स्टोव्ह, एकदा तर कवळी. वस्तू हातात आली की तो ती उघडायचा नाही. आधी मालकाला बाकावर बसवून चौकशी करायचा. कधीपासून बंद आहे? आदल्या दिवशी काय केलं? घरी कोण पाहुणे होते? "मशीन लबाडी करत नाई," तो म्हणे, "मालक करते." या पद्धतीने वस्तू दुरुस्त होत आणि गिऱ्हाइके दुखावत.

त्याला हवे होते एकच. गावच्या जिनिंग फॅक्टरीत तो नऊ हंगाम रोजंदारीवर यंत्रांची देखभाल करत होता, आणि एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिथली फिटरची कायम जागा रिकामी झाली. ती कुणाला द्यायची हे संचालक महादेवराव ठरवणार होते. दुसरा उमेदवार ओमप्रकाश. त्याच्यापाशी नागपूरचे प्रमाणपत्र होते, आणि ते त्याने काचेत मढवले होते.

महादेवरावांचा मुलगा चंद्रभान अमेरिकेत इंजिनियर होता. त्याने आईसाठी व्हॅक्यूम क्लिनर पाठवला होता. उभा, कमरेएवढा आणि आपल्या पायांनी चालणारा. दांडा जरासा लोटला की पुढे जायचा, जरासा ओढला की मागे यायचा. आपली वीज त्याला सोसेल इतकी उतरवणारा एक जड खोकाही सोबत आला होता. सुरुवातीला महादेवरावांनी हे यंत्र माजघरात चालवून पाहिले. शेणाने सारवलेली जमीन त्याने एका फेरीत पोटात घेतली. मग त्याला गालिचा लागतो असे कळले, म्हणून नागपूरहून गालिचा आला. गालिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही असा घरात दंडक होता, त्यामुळे धूळ होईना. शेवटी रविवारी गावातल्या चार प्रतिष्ठितांना चपला घालून त्यावरून फिरवायचे आणि मग यंत्र लावायचे, अशी व्यवस्था बसली. चंद्रभानची आई मनकर्णाबाई मात्र ते रोज चालवत. निदान मुलाला तसे पत्रात कळवले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यंत्र गर्जना करू लागले, पण जागचे हलेना. ओमप्रकाशने पाहिले आणि मोटर जळाल्याचे सांगितले. नवी मोटर अमेरिकेहून मागवावी लागेल. चंद्रभान शनिवारी येणार होता. आणि गुरुवार तर उजाडला होता.

महादेवरावांनी कवडूला बोलावले. "हे पाय गा. चाललं तर फिटर तू. नाई चाललं तर ओमप्रकाश."

"अन् उघडल्यावर काही बिघडलं तर?"

"तं तूच बिघडवलं."

अट स्पष्ट होती. कवडूने सवयीप्रमाणे चौकशी सुरू केली. महादेवराव म्हणाले, "काहीच झालं नाई. चांगलं होतं, एकदम बंद पडलं." मालक असेच बोलतात हे धरून त्याने यंत्र लावले. आवाज मोकळा आणि एकसारखा होता. जळालेली मोटर असे गात नाही. म्हणजे ताकद तयार होत होती, पोचत नव्हती. जिनमध्ये पट्टा घसरला की असेच व्हायचे: मोटर पळते, रूळ झोपतो. त्याने प्लग काढला आणि यंत्र उताणे केले. खाली केसांचा रूळ होता, आणि त्याला व चाकांना फिरवणारा रबरी पट्टा मधल्या फटीतून दिसत होता. पट्टा पिवळा होता. अमेरिकेत पिवळे पट्टे करत असतील, असा त्याने क्षणभर विचार केला. मग बोट लावले. बोट हुंगले.

हळद आणि लोणी.

महादेवराव तेवढ्यात फाटकाशी कुणाशी बोलायला गेले होते. मनकर्णाबाई दाराआडून पुढे आल्या.

"माय," कवडू हळूच म्हणाला, "याची खांद कोणं शेकली?"

"मीच," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलायचे खांदे हळद-लोण्यानं चोळतो का नाई आपण? अन् हा बिचारा वर्षभर घरात राबते, स्वताच्या पायानं चालते. त्याचं काऊन नाई करायचं? वर खांदा दिसला नाई, तं पालथा घातला. पोटाखाली तो पट्टा दिसला. म्हटलं हाच जुवाखाली घासत असन."

"पण माय, बैलाले लोणी मानवते. पट्ट्याले नाई."

"यायले सांगू नको बाप्पा. पोरगं येऊन राह्यलं. म्हणन, मायले मशीन पाठवली अन् तिनं तिचा बैल केला."

कवडूने शब्द दिला. हा शब्द त्याच्या आजवरच्या पद्धतीच्या अगदी विरुद्ध होता. मग त्याने पट्टा काढून साबणाच्या पाण्याने धुतला आणि उन्हात वाळवला. कप्पी रॉकेलच्या चिंधीने पुसली. बाईंकडून पावडर मागून पट्ट्यावर भुरभुरवली आणि सगळे जोडले. महादेवरावांनी दांडा लोटला. यंत्र गालिच्यावरून सरळ निघाले.

"काय झालतं?" महादेवरावांनी विचारले.

"झालं दुरुस्त."

"ते दिसून राह्यलं मले. बिघाड काय होता?"

"दुरुस्त झालेला बिघाड कायले उकरायचा, भाऊ?"

महादेवरावांनी यंत्र थांबवले. "म्हणजे तुले समजलाच नाई. अंदाजानं हात मारला अन् लागलं. ओमप्रकाश चुकला, पण कारण तं सांगतलं त्यानं. अंदाजी माणूस मी जिनमधी घेत नाई."

कवडू पान्हे गोळा करू लागला. नऊ हंगाम गोळा करायला जितका वेळ लागावा, तितका त्याला लागला.

"अवो," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पट्ट्याले मी लोणी लावलतं. खांद शेकली त्याची. कवडूले मीच गप्प केलं."

महादेवरावांनी पत्नीकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले.

"चाळीस वर्षं झाले लग्नाले," ते म्हणाले. "माह्या खांद्याले लावलं का कधी?"

"तुमी वढता काय?"

कवडू घाईने यंत्रावर वाकला आणि त्यात नसलेला एक स्क्रू आवळू लागला. उमेदवाराने अशा वेळी हसायचे नसते, हे कुठल्याही प्रमाणपत्रात शिकवत नसावेत. त्याचे खांदे हलत होते. महादेवरावांनी ते पाहिले आणि टोपी सारखी केली.

"मंगळवारपासून येजो जिनमधी," ते म्हणाले. "नवाच्या आत. अन् चंद्रभानले मी सांगतो, मोटर गरम झालती."