बाबांनी पेट्रोल कमी केलं

आमच्या घरात इंजिनाबद्दल बोलायचा हक्क एकट्या बाबांचा. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले ते निवृत्त होईपर्यंत रेल्वेची डिझेल इंजिनंच दुरुस्त करत राहिले. लहानपणी मला शेडमध्ये न्यायचे आणि दारातच बजावायचे, "हात मागे. नुसतं बघायचं." मी बघितलं. बघून बघून इंजिनीअर झाले, टर्बोवाली जुनी पेट्रोल गाडी घेतली आणि तिचं इंजिन चालवणारा कॉम्प्युटर बदलायचं ठरवलं. कंपनीने दिलेला टर्बोला मोकळं सोडतच नव्हता.

झालं! स्थळ बघायला जमावं तसे बाबांचे शेडमधले दोन दोस्त पोहे खायला हजर. एक स्वस्तातला डबा मिळत होता. तो मूळ कॉम्प्युटर तसाच ठेवतो आणि त्याला खोटे आकडे सांगून हवं ते करून घेतो. काका लोक एकदम खूश. "वरच्या साहेबाला खोटे आकडे द्यायचे आणि आपलं काम चालू ठेवायचं. मतलब, हे तर आपल्याला जमतंच!" मला मात्र पूर्ण नवा कॉम्प्युटर हवा होता, ज्यात किती हवेला किती पेट्रोल हे मीच ठरवणार.

"एवढे आकडे भरणार कोण?" एका काकांनी विचारलं.

"मी."

सगळे हसले. बाबाही हसले, याचा जास्त राग आला.

पण मी नवाच घेतला. कारण जयपुरातल्याच सोडाल्याच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, रविवारी गाडी नीट पळवून दाखव, माझ्याकडचं ट्यूनिंगचं, म्हणजे हे आकडे बसवायचं, काम तुझं. दोन वर्षं कॉलेजात लॅब सांभाळून मी विटले होते. मला ते काम हवंच होतं.

शनिवारी शहराबाहेर जगतपुऱ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर शेवटचं ट्यूनिंग चाललं होतं, गाडीला लॅपटॉप जोडून. बाबा शेजारी, म्हणे सोबत म्हणून. लॅपटॉप उघडा ठेवून मी पाण्याची बाटली आणायला उतरले आणि परत येऊन दाबून अ‍ॅक्सिलरेटर दिला. बॉनेटखाली कुणी खिळे ओतावेत तसा आवाज झाला, मागे पांढरा धूर, आणि गाडी मेली.

"असं कसं?" बाबा म्हणाले. "मी तर डिझेल जरा कमी केलं होतं. इंजिन थंड राहावं म्हणून."

डिझेल! पेट्रोलच्या गाडीत! डिझेल इंजिनात इंधन कमी केलं की ते थंड चालतं, खरं आहे. पेट्रोलच्या टर्बोत नेमकं उलटं. हवा जोरात भरायची आणि पेट्रोल तोडायचं म्हणजे पिस्टन जाळायची सोय. मी रस्त्यातच रडले, आणि जे बोलले ते आईला आजही सांगितलेलं नाही.

गाडी दोरीने ओढत घरी आणली. रविवारी काका लोक पुन्हा आले. रेल्वेत काही बिघडलं की आधी ठरतं, चूक माणसाची, म्हणजे 'स्टाफ फेल्युअर', की यंत्राची. यंत्राची ठरली की सगळे जेवायला मोकळे. चहा संपायच्या आत चौकशी आटोपली आणि दोषी निघाला माझा नवा कॉम्प्युटर. "तरी म्हणत होतो, स्वस्तातला घे. मुलींना हौस भारी!" बाबा कपात बघत बसले. कमाल आहे! चाळीस वर्षं इंजिनाशी बोललेल्या माणसाला त्या दिवशी तोंड उघडता येईना.

तेवढ्यात गॅरेजवाला गाडी ओढून न्यायला आला. झाकण उघडून हुंगलं, वाकून बघितलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडमजी, ऐसी ट्यूनिंग से तो मेरे ग्राहक मुझे मारेंगे."

बापाचं नाव कसं घेऊ?

बाबा मागून आले. दोस्त ऐकत होते, तरी मोठ्याने म्हणाले, "इसका काम सही था, भैया. हाथ मैंने लगाया. स्टाफ फेल्युअर लिखो."

काका लोक आपापल्या चपला शोधायला लागले. गॅरेजवाला हसला आणि म्हणाला, इंजिन पुन्हा बांध, मग बघू.

इंजिन बांधलं. आम्ही पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. मी पाण्यासाठी उतरले आणि खिडकीतून आत पाहिलं. लॅपटॉप उघडा होता, आणि बाबा दोन्ही हात मांडीखाली दाबून नुसते बघत होते. मला भरून आलं.

आकड्यांना पासवर्डचं कुलूप तरीही मी आधीच लावून ठेवलं होतं.