काळ्या-पांढऱ्याची रेघ आणि चेरीतालचा चुना

लोक भेडाघाटला संगमरवरावरचं चांदणं पाहायला जातात. मी गेले ते तिथला काळा दगड पांढऱ्याला नेमका कुठे चिकटलाय ते पाहायला, तेही एकाहत्तरच्या युद्धाच्या दिवसांत. अशी सहल सुचायला पीएच.डी.च करावी लागते.

संगमरवर हा रूपांतरित खडक. त्यात कधीकाळी तापलेला शिलारस घुसला आणि थिजून काळा अग्निजन्य खडक झाला. दोघांच्या सांध्यावर वेगळीच खनिजं तयार होतात. पुण्यातले आमचे सर म्हणाले होते, "सांध्याचा दगड आणलात तर प्रबंध आहे, नाहीतर घरचे म्हणतात ते स्थळ बघून घ्या."

इटारसीला गाडी बदलून जबलपुरात उतरले. तुम्ही जाल तेव्हा खोव्याची जलेबी खा आणि टांगेवाल्याशी आधीच ठरवून घ्या, एवढा सल्ला फुकट. मुक्काम चेरीतालला, आईची मावसबहीण कमलमावशी हिच्याकडे. काका फॅक्टरीत होते. तिथे काय बनतं, असं मी सहज विचारलं.

"सामान," काका म्हणाले आणि पानात वाढलेल्या वांग्याकडे वळले.

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मात्र न विचारता सगळं सांगितलं, तोफगोळ्यांच्या आकारासकट. वर म्हणाला, "किसी को बताना मत, दीदी." गुपित अख्ख्या शहराने मिळून सांभाळलं होतं.

सिविल लाइंसच्या कचेरीत बरीच घासाघीस केल्यावर हातोडा चालवायची एका दिवसाची परवानगी मिळाली. बसने भेडाघाटला गेले. दगड ओला केला की कण स्पष्ट दिसतात, म्हणून आमच्या धंद्यात तो सरळ चाटतात. पहाऱ्यावरचा शिपाई बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने आपल्या डब्यातली पुरी पुढे केली. "ये खा लो, दीदी. पत्थर में क्या रखा है." मी पुरी खाल्ली आणि सांध्याचा दगडही मिळवला. अर्धा काळा, अर्धा पांढरा, मधे हिरवट सुयांची बारीक रेघ. इतका आनंद मला पुढे डिग्री मिळाली तेव्हाही झाला नाही.

घरी येऊन सगळे नमुने धुतले आणि फाटकापासून दारापर्यंत ओळीने वाळत घातले, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, सापडले त्याच क्रमाने. दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट काढायला गेले. दुपारी येऊन पाहते तर अख्खी ओळ पांढरीशुभ्र. काका हातात चुन्याची बादली घेऊन उभे होते.

"अच्छा झालं तू आली," ते म्हणाले. "ब्लॅकआउटमध्ये रस्ता दिसला पाहिजे ना. सगळी गल्ली चुना लावून राहिली. तू तर दगडं आयतीच लावून ठेवली."

माझ्या प्रबंधाचा सगळा मुद्दा काळ्या-पांढऱ्यातली रेघ, आणि आता काळं काही उरलंच नव्हतं. मला रडू आलं.

"काहून रडून राहिली?" मावशीने विचारलं. मग तिने कोपरावरची जखम दाखवली. "ह्या अंधारात दोनदा पडली ना मी. म्हणून यांनी सुट्टी घेऊन केलं हे."

आता रागावणार तरी कुणावर? मी फक्त सांध्याचा दगड उचलला, बाकीचे तिथेच राहू दिले. काकांनी रिकाम्या जागी वीट ठेवली आणि तिलाही चुना फासला.

आम्लाने चुना झटक्यात निघाला असता, पण त्याबरोबर संगमरवरही गेला असता. म्हणून पुण्यात मी टूथब्रश घेऊन बसले. रेघ परत दिसली. चुना राहिला तो काळ्या भागातल्या भेगांत.

सरांनी भिंग लावलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "पांढऱ्या शिरा! काळ्या खडकात! हे आजवर कुणालाच दिसलेलं नाही." परिषदेत काय बोलायचं ते त्यांनी उभ्या उभ्या ठरवूनही टाकलं.

"सर, तो चुना आहे," मी म्हणाले. "मावशीच्या यजमानांनी लावलेला."

सरांनी भिंग पुसलं. "करतात काय हे यजमान?"

"फॅक्टरीत असतात."

"काय बनतं तिथे?"

"सामान."

सरांनी दगड परत दिला. "रेघेवरच लिहा," म्हणाले.

प्रबंध रेघेवरच झाला आणि ग्रंथालयात गेला. मावशीचं पत्र आलं, त्या हिवाळ्यात ती पुन्हा पडली नाही. माझ्या संशोधनाचा याहून जास्त उपयोग कुणाला झाल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही.