सोवळं न जुमानणारा रोटाव्हायरस

“रोटावायरस है,” शौचाच्या तपासणीचा कागद बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी एका वर्षाची मुक्ता मांडीवर मलूल पडली होती. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

इकडे उत्तरेत, आमच्या सीपरी बाजारातल्या घरी निदान आधीच झालं होतं : दात येताहेत. सासूबाईंनी तिचं पाणी बंद करायला सांगितलं. “पाण्यानं जुलाब वाढतात. आम्ही पोरं वाढवली नाहीत का?” मी ऐकलं नाही. ओठ सुकलेले दिसले तशी ऑटो बोलावली. त्याही फणफणत शेजारी ऑटोत बसल्या.

सलाइन लागलं. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, बी.एस्सी. “मला नीट समजावून सांगा,” डॉक्टरीणबाईंना म्हटलं. त्यांनी हिंदीत सांगितलं ते असं :

आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. त्यांच्या टोकावरच्या पेशी अन्नपाणी शोषतात. रोटाव्हायरस त्या पेशींना चिकटतो, आत शिरतो आणि पेशीच्याच सामग्रीतून स्वतःच्या नकला काढतो. पेशी मरते, नकला पुढच्या पेशी धरतात. शोषण बिघडतं, पाणी वाहून जातं. पण मीठ-साखर एकत्र शोषण्याची वाट पुरती बंद होत नाही. म्हणून ओआरएस, म्हणजे मापात मीठ-साखर घातलेलं पाणी. तेव्हा पाणी तोडू नका. कोणीही सांगो.

“पर ये आया कहाँ से?” सासूबाईंनी विचारलं.

“हाथ से मुँह में, माताजी.”

“हमारे यहाँ तो सोवळं होता है!”

“वो क्या होता है?”

आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, कोणाला न शिवता स्वयंपाक, मी सांगितलं. आणि त्यात साबण चालत नाही, हेही सांगितलं. मुक्ताचा लंगोट धुतला की हातांवर नुसतं पाणी. त्याच हातांनी तिचा वरणभात कालवायचा.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरी असती तर गप्प बसली असती.

“अब चम्मच-चम्मच आप पिलाइए, माताजी,” ओआरएसची वाटी त्यांच्या हातात देत डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मुक्तानं ओकून टाकलं. “बघ, पोटात ठरत नाही!” सासूबाई म्हणाल्या.

“थोडं थांबून पुन्हा द्या,” मी म्हटलं.

त्यांनी दिलं. पुन्हा पुन्हा दिलं. संध्याकाळी मुक्तानं त्यांच्या मांडीवर शू केली. सकाळपासूनची पहिली! मी टाळ्याच वाजवल्या. शरीरात पाणी टिकायला लागलं होतं.

सासूबाईंनी डोळे पुसले, नातीला माझ्याकडे दिलं आणि नळाकडे निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या,

“अशी बघत काय बसलीस? साबण दे.”

आमच्या स्वयंपाकघरात आता साबण आहे. देवाच्या नैवेद्याआधीसुद्धा.