जांभळी ज्योत आणि आईचा पाय

आईच्या तळपायाला फोड आला तो मूगवड्यांपायी. एप्रिलच्या भर दुपारी ती आमच्या हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर अनवाणी गेली, वड्या उलथवल्या, शेजारणीशी गप्पा हाणल्या आणि आरामात खाली आली. मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा फरशीवर ओले ठसे होते. पाणी सांडलं असेल म्हणून पुसायला वाकले, तर ते फुटलेल्या फोडाचं पाणी होतं.

"दुखलं नाही तुला?"

"नाही ना वं. दुखलं असतं तं थांबली असती का मी तिथं?"

तिची साखर जुनी. पायाच्या नसा केव्हाच बधिर झाल्या होत्या आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. फोडाची जखम झाली, ती भरेना, आणि पावसाळा संपता संपता करंगळीच्या बाजूला काळसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, करंगळी काढावी लागेल. आणखी पसरलं तर पुढचा पंजासुद्धा. परतताना मी ऑटोत रडले. आई मलाच समजवायला लागली. "पाय माहा हाय, तू काहून रडून राहिली?" मला तिचा असा राग आला की विचारू नका.

मग माझ्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी महाल भागाच्या पलीकडचा एक छोटा दवाखाना सुचवला. तिथे नुसत्या पायाच्या जखमा बघत. दारात पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात'. बधिर पायांची माणसं आपापल्या चपला रांगेत लावून उघड्या पायांनी आत चालली होती. आईनेही काढल्या. मी तिथेच काउंटरवर भांडले. आवाज ऐकून तिथले डॉक्टर बाहेर आले, तरुण होते. त्यांनी पाटी पहिल्यांदाच वाचल्यासारखी वाचली आणि स्वतः उतरवून ठेवली. मग आईला म्हणाले, "काकू, यापुढे घरातही चप्पल."

"घरात? सैपाकघरात?" आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. करंगळी जाणार हे ऐकूनही तो इतका उतरला नव्हता.

उपचाराचं यंत्र टेबलाएवढं, आणि त्याला नळीने जोडलेली एक जाडसर पेनसारखी कांडी. बाजूला वायूची टाकी. बटण दाबलं की कांडीच्या टोकातून बोटाच्या पेराएवढी जांभळी ज्योत निघे. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की विजेच्या जोरावर वायूचा प्लाझ्मा होतो, पेटल्यासारखा दिसतो, पण भाजत नाही. औषधांना दाद न देणारे जंतू त्याने मरतात आणि जखम भरून यायला मदत होते. "पण ही एकटी काही करणार नाही," ते म्हणाले. "ड्रेसिंग, साखर आटोक्यात ठेवणं आणि पायावर भार न देणं, हे सगळं लागेल. आणि हे अजून नवं आहे. गॅरंटी देत नाही." हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर मला त्यांचा भरवसा वाटला.

मी आधी माझं बोट ज्योतीखाली धरून पाहिलं. हलकं गुदगुल्यांसारखं वाटलं, आणि मिक्सरची मोटर जळते तेव्हा येतो तसा थोडा वास आला. आई आपल्या पायावर फिरणाऱ्या ज्योतीकडे टक लावून पाहत होती.

अशाच तंत्राने सांडपाणीही शुद्ध करता येतं, असं डॉक्टर सहज बोलून गेले.

"मंग आमच्या नाल्याले लावा ना एक," आई म्हणाली.

साखरेच्या गोळ्या चुकवण्यात आईचा हात कुणी धरला नसता. पण ज्योतीच्या दिवशी मी उठायच्या आत ती केस विंचरून, पिशवी घेऊन खुर्चीत बसलेली. मी चिडवायची, "काय, लग्नाला निघालीस का?" घरी आल्यावर ती पट्टीच्या बाजूला अंगठ्याने दाबून पाही. मी ओरडायची. ती हात काढून घ्यायची, आणि माझी पाठ वळली की पुन्हा दाबायची.

जखम कडेकडेने आत येत गेली. काळं गेलं, लाल झालं, मग गुलाबी. थंडी सरत आली तेव्हा एके दिवशी डॉक्टर पाय निरखून म्हणाले, "काकू, भरली. बोट वाचलं. आता ज्योतीची गरज नाही."

मला तिथेच त्यांना पेढे आणून द्यावेसे वाटले. आईने मात्र नव्या कातडीवर अंगठा दाबला, जोरात दाबला.

"पण डॉक्टर, दुखत तं नाही अजून."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? मले वाटलं, पाय बरा झाला की दुखाले लागन. त्याच्यासाठीच तं येऊन राहिली होती मी."

डॉक्टरांनी हातातला पाय हळूच खाली ठेवला. ज्योतीने कातडी भरली, आतल्या नसा तिने परत येणार नाहीत, असं त्यांनी तिला सावकाश सांगितलं. आईने मान डोलावली.

"म्हनजे उद्या काही टोचलं तं मले समजनार नाही."

"नाही, काकू."

"मी रोज बघत जाईन ना," मी म्हटलं.

"अन् तू शाळेत असशीन तवा?"

येताना घरात घालायला मऊ तळाच्या चपला घेतल्या, ज्या ती इतके महिने टाळत आली होती. तिने मुकाट्याने घातल्या, स्वयंपाकघरातसुद्धा. मला त्याचं बरं वाटायला हवं होतं, पण वाईटच वाटलं.

संध्याकाळी वंदनेची वेळ झाली. बुद्धमूर्तीपुढे मात्र ती चप्पल घालून उभी राहणार नव्हती, आणि मीही हट्ट धरला नाही. मी दारातून पाहत होते. ती चटईशी वाकली, तळहाताने चटई सगळीकडून चाचपली, हाताला लागलेला एक बारीक खडा उचलून बाजूला ठेवला. मग चप्पल काढली आणि हात फिरवलेल्या जागेवरच पाय ठेवला.