लॉनवर भाजलेला राब

आमच्या ह्यांनी अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर हेंद्रेपाड्यातल्या घरापुढे लॉन लावलं. चार खाटा मावतील एवढंच, पण कौतुक असं की मला चप्पल घालून पाय ठेवायची बंदी. युरिया चहाच्या चमच्याने मोजून, पाण्यात विरघळवून घालायचे. तरी नळाजवळचा कोपरा पिवळा पडला. नातीचा पहिला वाढदिवस महिन्यावर आलेला, तो ह्याच लॉनवर करायचा आणि व्याह्यांना लॉन दाखवायचं, हे ह्यांनी ठरवून टाकलेलं.

माझं माहेर मोरिवलीचं, भातशेतीवालं. भाताचं बी पेरण्याआधी आम्ही जमिनीवर शेण, पालापाचोळा पसरून, वर माती टाकून भाजायचो. त्याला राब म्हणतात. राखेने माती कशी खुलते! मग काय, हे खत आणायला गेले नि मी त्या कोपऱ्यावर राब भाजला.

हे परत आले ते पिशवी हातात धरून उभेच.

"अगं, लॉन आहे ते, भाताचं शेत नाही!"

"माती ती मातीच ना, अहो?"

"आणि गवत कुठंय?"

भातात आधी राब, मग पेरणी. इथे पेरलेलं आधीच उगवलेलं होतं, हे काडी लावताना सुचलं नाही, खरं सांगते.

दोन दिवस अबोला. मग मीच सळईने माती टोचली, जुनं कुजलेलं शेणखत चाळून भुरभुरवलं, रोज पाणी शिंपडलं. हे लांबून म्हणायचे, "पाणी कमी घाल, पोहता येत नाही त्याला." म्हटलं, चला, बोलले तरी.

वाढदिवसालाही कोपरा काळाच. कॅम्प पाच भागात राहणारे व्याही आले. ह्यांनी खुर्ची नेमकी त्या काळ्यावर टाकली आणि बसले ते बसलेच. केक कापायला उठेनात, फोटोला उठेनात. शेवटी सगळेच खुर्चीभोवती जमले, नात मांडीवर. व्याही म्हणाले, "लॉन झकास हं!" हे नुसते हसले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाहुणे गेल्यावर खुर्ची उचलली, तर खाली पाच-सहा हिरवी पाती.

"बघा, माझा राब," मी म्हटलं.

"तीन तास मी बसलो म्हणून."

"हो ना, कोंबडीसारखे उबवत होतात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खुर्ची परत तिथेच, आणि हे चहा घेत वर बसलेले.