मेजरचा स्ट्रॉबेरी ज्यूस

सातारा स्टँडाजवळच्या आमच्या ज्यूसवाल्याचं नाव कुणालाच माहीत नाही. पलटणीतून रिटायर झालेला, म्हणून सगळे त्याला मेजर म्हणतात. त्याच्याकडे गिऱ्हाइकानं आधी जीभ दाखवायची असते. ती बघून तो पित्त की कफ ते ठरवतो आणि स्वतःच्या मनाला येईल ते मिक्सरला लावतो. बर्फ तो ठेवतच नाही. दुधात फळ मागितलं, की बंदुकीसारखा चमचा रोखून म्हणतो, "विरुद्ध आहार हाय त्यो. न्हाई मिळायचा."

परवा माझ्या मुलीला बघायला सांगलीचे पाहुणे आले. मी त्यांना घ्यायला स्टँडवर गेलो, तर उन्हानं कासावीस झालेला मुलगा नेमका मेजरच्याच गाड्याकडे वळला.

"एक स्ट्रॉबेरी मिल्कशेक द्या."

मी डोळे मिटून घेतले.

"जीब काढा," मेजर कडाडला.

मुलानं काढली. घाबरून त्याच्या आईवडिलांनीही काढली. जमली सोयरीक, म्हटलं मनात!

मुलाच्या हातात कोमट पाण्यात घुसळलेली, सुंठ-जिरं घातलेली स्ट्रॉबेरी आली. त्यानं एका दमात ग्लास रिकामा केला, डोळे पुसले आणि म्हणाला, "छान आहे, काका."

मेजरनं मला बाजूला ओढलं.

"आवं सायेब, ह्यो जावई सोडू नका. लय गुणाचं पोरगं हाय."

"जीभ बघून कळलं?"

"जीब ऱ्हाऊ द्या वं. ह्ये अजून माज्या सोताच्या नरड्याखाली उतरल्यालं न्हाई."